गोल धरायचा का नाही?

फुटबॉल खेळून भाषा येत नाही. हे सांगणारी मी स्वतः मैदानावर मराठी शिकवते, म्हणून जरा ऐकून घ्या. आमच्या शाळेत अधूनमधून पाहुणे येतात. चार-पाच राज्यांतली पोरं एका चेंडूमागं धावताना बघतात, मोबाइलवर फोटो काढतात आणि ‘खेळता खेळता किती छान मराठी शिकतात’ म्हणत चहा पिऊन जातात. मी मान डोलावते. त्यांच्यापैकी कुणी गोलला जाळ्या देईल अशी आशा असते. पण खरं बघितलं तर पोरगं आठ-दहा शब्दांवर अख्खं वर्ष खेळू शकतं. दे, सोड, मार, थांब, मागं, इकडं, माझा, आऊट. एवढ्यावर बचाव होतो, चढाई होते, गोलही होतो. मैदानाबाहेर आल्यावर तेच पोरगं वर्गात मागच्या बाकावर जाऊन तोंड मिटून बसतं.

मी शिकवते ती जिल्हा परिषदेची शाळा शिरोली एमआयडीसीच्या पट्ट्यात आहे. आजूबाजूला फौंड्र्या. मोल्डिंगला, फेटलिंगला बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, झारखंडची माणसं; बांधकामावर तेलंगणाची; आणि सीमाभागातून आलेली कानडी घरं तर आमच्यासाठी परकी नाहीतच. शिक्षण हक्क कायदा (2009) सांगतो की मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचं. ते योग्यच आहे. पण त्यामुळं अकरा वर्षांचं पोरगं मराठीचा म देखील ठाऊक नसताना थेट पाचवीत येऊन बसतं आणि पहिल्याच आठवड्यात त्याच्यासमोर कवितेचं रसग्रहण येतं. आमचं मैदान म्हणजे फौंड्रीतली वापरून टाकलेली काळी वाळू पसरलेली जागा. पडलं की गुडघे काळे. आया म्हणतात, बाप कामावरनं येतो तसंच पोरगं शाळेतनं येतंय.

फुटबॉल निवडायला मला फार डोकं चालवावं लागलं नाही. कोल्हापूर आहे हे. इथं क्लबांची नावं तालमींची: पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल. एकेकाळी कुस्तीचा आखाडा ज्यांचा, त्यांचाच पुढं फुटबॉलचा संघ झाला. शाहू स्टेडियमवर पेठेची मॅच असली की दुकानदार गल्ल्यावर पोराला बसवून गॅलरीत जातो. विश्वचषक आला की गल्ल्यागल्ल्यांत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे फलक लागतात आणि सख्खे भाऊ महिनाभर एकमेकांशी नीट बोलत नाहीत. मधल्या काळात इथल्या संघांनी नायजेरियाचे खेळाडूही आणले. गॅलरीतनं त्यांना ‘भावा, हाण की’ अशी हाक जायची आणि ते बरोबर हाणायचे. मी शाळकरी असताना मुलींना गॅलरीत जागा नव्हती, तालमीत तर नव्हतीच. दादाच्या मागं लागून शेजारच्या गच्चीवरून जेवढं दिसेल तेवढं मी बघितलं. म्हणून आज संघात मुली नसतील तर मी चेंडूच बाहेर काढत नाही.

मैदानावरची भाषा अपुरी का पडते, हे मला व्याकरणानं समजलं. वर दिलेल्यांपैकी निम्मे शब्द निव्वळ धातू आहेत. दे, सोड, मार: मराठीत आज्ञार्थाचं एकवचन म्हणजे क्रियापदाचं मूळ रूप, त्याला काही चिकटवायचं नसतं. त्यामुळं नवख्या पोराला ते लगेच जमतं. अमेरिकेतल्या जेम्स अ‍ॅशर या मानसशास्त्रज्ञानं 1960 च्या दशकात भाषा शिकवायची एक पद्धतच यावर उभी केली: शिक्षकानं हुकूम द्यायचा, विद्यार्थ्यानं शरीरानं तो पाळायचा, बोलायची घाई करायची नाही. सुरुवातीला ती झकास चालते. शरीर हललं की शब्द बसतो, यात शंका नाही. पुढं मात्र गाडी अडते. माणूस दिवसभर हुकमात बोलत नाही. काल काय झालं, उद्या काय करू, तू असं केलंस तर मी तसं करीन, हे सांगायला लागतं तिथं ‘दे’ आणि ‘सोड’ कामाला येत नाहीत.

आणि फुटबॉलनं तर भाषेवाचून चालावं अशी सोयच करून घेतलेली आहे. 1966 च्या विश्वचषकात इंग्लंड आणि अर्जेंटिनाचा उपांत्यपूर्व सामना वेम्ब्लीवर झाला. पंच जर्मन, रुडोल्फ क्राइटलाइन. त्यांनी अर्जेंटिनाचा कर्णधार अँतोनियो रातीन याला बाहेर काढलं. रातीन हलेना, दुभाषा आणा म्हणून हटून बसला. पंचाला स्पॅनिश येईना, त्याला जर्मन येईना, खेळ कितीतरी मिनिटं ठप्प. त्या स्पर्धेत पंचांची जबाबदारी केन अ‍ॅस्टन या इंग्लिश गृहस्थांकडं होती. गाडीतून घरी जाताना ते सिग्नलला थांबले आणि पिवळा, मग लाल दिवा बघून त्यांना कार्डांची कल्पना सुचली. 1970 च्या मेक्सिको विश्वचषकात ती मैदानावर आली. म्हणजे कार्ड हा पंचाच्या खिशातला दुभाषाच आहे. तो इतका चोख काम करतो की बाकी कुणाला बोलायची गरज उरत नाही.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. 2017 साली सतरा वर्षांखालचा विश्वचषक भारतात झाला. भारताचा त्यातला एकुलता एक गोल दिल्लीत कोलंबियाविरुद्ध झाला. कॉर्नर घेतला बंगळुरूच्या संजीव स्टॅलिननं, डोकं लावलं मणिपूरच्या जॅक्सन सिंगनं. संघात आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव, प्रशिक्षक पोर्तुगालचे लुईस नॉर्टन द मातोस. त्या कॉर्नरला कुणाची मातृभाषा कुठली, याची काय अडचण होती? काहीच नव्हती. फुटबॉलच्या चाहत्याला यात आनंद वाटेल, मलाही वाटला. मराठीच्या बाईची मात्र पंचाईत होते. ज्या खेळाला भाषा लागतच नाही, त्याच्यावर मी भाषा कशी शिकवू?

वाट सापडली ती कोलंबियात. 1994 च्या विश्वचषकात आंद्रेस एस्कोबार याच्याकडून अमेरिकेविरुद्ध स्वतःच्याच जाळीत गोल गेला आणि काही दिवसांनी, मायदेशी परतल्यावर, मेदेयीन शहरात त्याला गोळ्या घालून मारलं. त्या वेळी युर्गन ग्रीसबेक हा जर्मन अभ्यासक मेदेयीनमध्ये होता. त्यानं पुढं तिथल्या टोळ्यांच्या वस्त्यांत फुटबॉलचा एक वेगळा प्रकार रुजवला. मुलं-मुली एकत्र, पंच नाही, आणि सामन्याचे तीन भाग. आधी दोन्ही संघांनी बसून नियम ठरवायचे, मग खेळायचं, मग पुन्हा बसून कोण कसं खेळलं याचा हिशेब करायचा. त्या हिशेबालाही गुण. जगभर आता याला फुटबॉल-थ्री म्हणतात. तो जन्मला बंदुका खाली ठेवायला. मी तो उचलला काळांसाठी.

कारण या तीन भागांत अख्खं व्याकरण पडलेलं आहे. आधीच्या बैठकीत मुलं नियम करतात, तेव्हा ‘धक्का द्यायचा नाही’, ‘मुलीला पास दिल्याशिवाय गोल धरायचा नाही’, ‘बॉल गटारात गेला तर ज्यानं मारला त्यानंच आणायचा’ अशी विध्यर्थाची आणि जर-तरची वाक्यं येतात. खेळात आज्ञार्थ. आणि शेवटच्या बैठकीत सगळा भूतकाळ: तू ढकललंस, मी नाही ढकललं, बॉल बाहेर गेला होता, नव्हता गेला. बोलणं येतं ते भांडणात. म्हणून मी शिट्टी टेबलाच्या खणात ठेवली. पंच बाई असल्या की पोरं बाईंकडं बघतात; पंच नसला की एकमेकांकडं बघतात आणि तोंड उघडतात.

नियम मुलांचेच असतात, पण एक नियम मी घुसवला आहे. गोल मारणाऱ्यानं जागेवर थांबून पूर्ण वाक्यात सांगायचं, पास कुणी दिला आणि गोल कसा झाला. वाक्य झालं तर गोल धरायचा. ‘ह्यानं मला पास दिला आणि मी गोल मारला.’ एवढंच, पण त्यात सगळा मराठीचा फास आहे. मी गोल मारला, पण मी किक मारली आणि मी पोस्ट हलवलं. मारणारी मीच, पण क्रियापद माझं ऐकत नाही, गोलचं ऐकतं, किकचं ऐकतं. ओडियात क्रियापदाला लिंगच नाही. हिंदीवाल्यांना ‘मारा-मारी’ ठाऊक असतं, पण नपुंसकलिंगाशी त्यांची गाठ इथंच पहिल्यांदा पडते. सुरुवातीला समोरचा संघ टपूनच असायचा. ‘मारला म्हण, मारली न्हवं! गोल कट!’ हरणाऱ्या संघाइतका कडक वैयाकरणी मी पाहिलेला नाही. त्यातून नवी पोरं बिचकायला लागली. तेव्हा दोन्ही संघांनी बैठकीत दुरुस्ती केली: वाक्य अडलं तर आपल्या संघातल्या कुणीही मदत करावी, समोरच्यांनी हसायचं नाही, हसलं तर त्यांना पेनल्टी. ही दुरुस्ती मला सुचली नव्हती.

आमच्या गावच्या पोरींनी यात वेगळीच गंमत आणली. पुस्तकात मुलगी म्हणते ‘मी गेले, मी आले’. कोल्हापूरच्या मुली म्हणतात ‘मी गेलो, मी आलो, मी करतो’. मीही घरी तसंच बोलते. इथं लिहिताना फक्त शहाणी होते. बिहारच्या एका मुलानं मला अगदी रडवेल्या चेहऱ्यानं विचारलं, ‘बाई, ही मुलगी आहे ना? मग ती आलो का म्हणते?’ दोन्ही बरोबर, असं सांगितलं. मैदानावर जे कानावर पडेल ते बोल, वहीत ‘आले’ लिही. भाषेच्या दोन तऱ्हा असतात हे पोरांना आपण समजतो त्यापेक्षा लवकर कळतं. त्यांच्या घरी आधीच दोन-तीन भाषा नांदत असतात.

एका बैठकीचं सांगते. झारखंडमधल्या सिमडेग्याची एक मुलगी आमच्याकडं आली होती. सिमडेगा म्हणजे हॉकीची खाण. भारताच्या महिला संघाची कर्णधार झालेली सलीमा टेटे तिथलीच. ही मुलगी घरी सादरी बोलणारी, हिंदी समजणारी, पायात जबरदस्त वेग असलेली आणि बैठकीत ओठ न उघडणारी. त्या दिवशी भांडण चाललं होतं बक्षिसावरून. जिंकलेल्यांना मी चॉकलेट दिलं होतं आणि ते फारच लहान आहे असा ठराव होता. कुणीतरी सहज तिला विचारलं, ‘तुमच्या गावात काय देतात?’ ती म्हणाली, ‘खस्सी.’ कुणाला कळेना. मग तिनं डोक्यावर दोन बोटं धरली आणि ओरडून दाखवलं.

‘बोकड?’

झारखंडच्या आणि शेजारच्या ओडिशाच्या गावांत हॉकी-फुटबॉलच्या स्पर्धांना बक्षीस म्हणून खस्सी म्हणजे खच्ची केलेला बोकड ठेवतात. कोल्हापूरच्या पोरांपुढं बोकड म्हटल्यावर पुढं काय होणार? पन्नास प्रश्न. केवढा असतो? कापतं कोण? रस्सा करता का सुकं? हरलेल्यांना देता का? आमच्याकडं तांबडा-पांढरा, तुमच्याकडं काय? तिला उत्तर देणं भाग पडलं. हातवारे, हिंदी, मधूनच सादरी, आणि मग एकदम एक सणसणीत मराठी वाक्य: ‘आमी जिंकला, बोकड मिळाला, सगळा गाव खाल्ला!’

‘गाव खाल्ला?’ पोरं लोळायला लागली. तीही हसली. मग शेजारच्या मुलीनंच सांगितलं, ‘सगळ्या गावानं खाल्ला म्हण. नुसतं गाव म्हटलंस तर गावच खाल्लंस की.’ तृतीया आणि ‘नं’ प्रत्यय मी फळ्यावर कितीतरी वेळा शिकवला आहे, तक्ते करून, रंगीत खडूनं. गाव खाण्यातला आणि गावानं खाण्यातला फरक त्या दिवशी ज्यानं ऐकला, तो पुन्हा चुकला नाही. पेनल्टीचा मुद्दा कुणी काढला नाही, कारण दोन्ही संघ हसले होते.

देवाणघेवाण हा शब्द आपण फार ढिला वापरतो. झेंडे, वेशभूषा, एकेका राज्याचा नाच, झालं. माझ्या मते स्थानिक पोराला चाचपडावं लागलं तरच काही देणं-घेणं झालं. नाहीतर येणाऱ्यानं शिकायचं आणि इथल्यानं चुका काढायच्या, एवढंच उरतं. म्हणून वॉर्मअपला मोजणी रोज वेगळ्या भाषेत. पुढं उभा राहील त्यानं आपल्या भाषेत आकडे म्हणायचे, बाकीच्यांनी मागून. तेलुगूत ओकटि, रेंडु, मूडु. कानडीत ओंदु, एरडु, मूरु. ओडियात एक, दुइ, तिनि. इथली पोरं ‘मूडु’ आणि ‘मूरु’त गोंधळतात, जीभ वळत नाही, आणि मागच्या बाकावरचं पोरगं पाच मिनिटं गुरुजी होतं. एका पालकांनी तक्रार केली की पोरगं सकाळी घरी जोर मारताना तेलुगूत मोजतंय. मी म्हटलं, जोर मारतंय ना? मग मोजू दे.

ज्यांना हे करून बघायचं असेल त्यांनी अकरा-अकराची मॅच लावू नये. बावीस पोरांत निम्म्यांना चेंडूही लागत नाही आणि बोलायलाही मिळत नाही. चार-चारचे संघ, छोटं मैदान, चार नंबरचा चेंडू. आणि गोलकीपर ठेवू नये. नवीन पोरगं आलं की सगळे त्याला गोलीत उभं करतात, ‘याला काय कळतंय’ म्हणून. ते बिचारं तिथं एकटं उभं राहतं. खरं तर गोलकीपरलाच सगळं मैदान दिसतं. मागून ओरडून बचाव हलवायचा तो त्यानं. म्हणजे संघातलं सगळ्यात बोलकं पोरगं तिथं हवं. मोठी मॅच असेल तेव्हा मी सगळ्यात वाचाळ पोराला गोलीत उभं करते. तो कुरकुरतो, पण त्याचा आवाज कामाला येतो.

लिहिण्याचं काम वर्तमानपत्रावर सोपवलं आहे. कोल्हापूरच्या पेपरात पेठेच्या मॅचचा वृत्तांत असतो आणि त्याची भाषा ठरलेली: पूर्वार्ध, उत्तरार्ध, आघाडी, बरोबरी, निसटता विजय, एकतर्फी, धुव्वा. वाक्यं छोटी, सगळी भूतकाळातली, आणि विषय पोरांना पाठ. नवशिक्यासाठी यापेक्षा बरं पाठ्यपुस्तक मला ठाऊक नाही. आमचा प्रत्येक सामना झाला की दोघांनी मिळून वृत्तांत लिहायचा, एक इथला आणि एक बाहेरचा. इथल्यानं सांगायचं नाही, बाहेरच्यानं सांगायचं; इथल्यानं लिहायचं. पुढच्या वेळी उलट. ‘आम्ही एक-शून्य असा धुव्वा उडवला’ असं वाक्य आलं की मी खोडत नाही. एका गोलनं धुव्वा उडत नाही हे समोरचा संघ त्यांना सांगतोच, आणि तेही लेखी.

सहकाऱ्यांपैकी काहींना हे पटत नाही. बाई पोरं खेळवत बसतात, अभ्यासक्रम राहतो, म्हणतात. राहतो, हे खरं आहे. त्याहून मोठी अडचण फौंड्रीची. काम कमी झालं, ठेकेदार बदलला, की घर उठतं. चांगलं बोलायला लागलेलं पोरगं सोमवारी दिसत नाही आणि गुरुवारी त्याच्या जागी दुसरं येतं. त्यामुळं संघ कधी जमलेला नसतो, नियम पुन्हापुन्हा करावे लागतात. मराठी शिकवायला हे वाईट नाही म्हणा. नियम समजावून सांगणारी पोरं आता वेगळी असतात. ओडिशाचा मुलगा बिहारच्या मुलाला मराठीत सांगतो की मुलीला पास दिल्याशिवाय गोल धरायचा नाही.

सध्याचा वाद ताजा आहे. वरंगळकडचा एक मुलगा नुकताच आलाय. नव्या पोराला सुरुवातीला सवलत, त्याचं एका शब्दाचं वाक्यही चालेल, असं बैठकीत ठरलं होतं. त्यानं काल गोल मारला, छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, ‘गोल.’ त्याचा संघ नाचायला लागला. समोरच्या संघाचा कर्णधार माझ्याकडं धावत आला.

‘बाई, गोल धरायचा न्हाई. ह्यो नाटक करतोय. काल मी दुकानात गेलो हुतो, ह्यो वाण्याला म्हणाला, सुट्टं न्हाईत, उद्या देतो. एवढं मोठं वाक्य बोलला!’

‘मला काय सांगतोस? बैठकीत मांड.’

तो बैठकीकडं वळला तोवर तेलुगू मुलगा त्याच्याआधी जाऊन बसला होता आणि हात वर करून म्हणत होता, ‘उद्या दिला! पैसे दिला मी!’

‘पैसे दिले,’ दोन्ही संघांतनं आवाज आला, आणि भांडण सुरू झालं.